गवताचं अनुदान आणि इनामदार साहेब

आमच्या गावात कोणालाही विचारा, नदीकाठच्या गवताचं अनुदान कोणामुळे बुडालं, तर उत्तर एकच मिळेल. इनामदार साहेबामुळं. हे सांगताना कोणी रागावत नाही, उलट आवाजात हळहळ असते, आणि माणूस मनानं लई चांगला हुता हे लगेच पुढे जोडलं जातं. साहेब जाऊन आता बरेच महिने झाले. गेलेल्या माणसाबद्दल लोक बरं बोलतात याचं मला समाधान वाटायला हवं, पण वाटत नाही. त्या बऱ्या बोलण्यातच खोट आहे आणि ती मला रोज ऐकावी लागते.

मी या गावची ग्रामसेविका. मूळची भिंगारची, वडील छावणीत कारकून, त्यामुळे शिस्तीत वाढलेली आणि तोंडाने फटकळ. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. बेलापूरच्या खालच्या अंगाला प्रवरेकाठी एक उसाचं गाव, एवढं पुरे. नदी अंगणातून वाहते म्हणावी इतकी जवळ, आणि प्यायला जारचं पाणी. मी बदलून आले तेव्हा पुलावरून खाली बघितलं तर मला ते हिरवं कुरण वाटलं होतं. ती जलपर्णी होती आणि तिच्याखाली नदी होती.

इनामदार साहेब आमचे कृषी सहायक. मूळचे राहुरीकडचे, नोकरीची शेवटची काही वर्षं राहिलेली. अंगाने जाड, चेहऱ्याने गोल, पांढरी दाढी अगदी बारीक कातरलेली. त्यांची एक सवय सगळ्या गावाला माहीत होती. कोणाच्याही शेतात शिरताना ते चपला बांधावर काढून ठेवायचे. "लोकाच्या घरात चपला घालून जातो का आपन?" असं म्हणायचे. मग बोलत बोलत चार शेतं ओलांडून भलत्याच बांधावरून बाहेर पडायचे आणि अनवाणीच मोटारसायकलवर बसायचे. दुपारपर्यंत कोणीतरी त्या चपला ग्रामपंचायतीत आणून टाकायचं. माझ्या टेबलाखाली त्यांचा एक जोड कायमचा पडलेला असायचा आणि तालुक्याहून कोणी आलं की तो मला पायाने आत सरकवावा लागायचा.

दुसरी सवय खाण्याची. साहेबांना मधुमेह होता, आणि तो असल्याचं ते सगळ्यांना सांगायचे, पण खायचं ते खायचेच. गुऱ्हाळावर गेले की काकवी चाटायचे आणि मग उदास होऊन म्हणायचे, "म्याडम, मी काय जास्त दिवस टिकत न्हाई." मी म्हणायची, "साहेब, मग खाऊ नका." ते म्हणायचे, "ते बी खरं हाय," आणि बोट पुन्हा काकवीत बुडायचं.

गवताच्या अनुदानाचं सरकारी नाव एका दमात म्हणता येत नव्हतं. योजना मात्र साधी होती. उसाला लोक गरजेपेक्षा कितीतरी जास्त खत टाकतात. उसाने घेऊन उरलेलं पाण्याबरोबर नदीत उतरतं. ते खाऊन जलपर्णी आणि शेवाळ माजतं, पाण्यातली हवा संपते, मासे मरतात, वास सुटतो. मात्र काठाला ऊस न लावता गवताचा आणि झाडांचा पट्टा ठेवला तर वाहून येणारं खत त्या मुळ्यांमध्ये अडतं. पट्ट्यात गेलेल्या जमिनीची भरपाई सरकार करणार होतं. लागवड झाली की पहिला हप्ता, पुढे तपासणी झाली की दुसरा, आणि तपासणी चांगली झाली तर दरवर्षी. अटी दोन होत्या. पट्टा गावाच्या हद्दीत सलग हवा, मध्ये एकानेही ऊस लावला तर कोणालाच काही मिळणार नाही. आणि पट्ट्यात खताचा एक दाणासुद्धा टाकायचा नाही.

ग्रामसभेत हे सांगितलं तेव्हा लोक पोट धरून हसले. एक म्हातारे उठून म्हणाले, "आमचा बाप गवत काढायला मजुरी द्यायचा. आता सरकार गवत लावायला देनार का?" साहेबही त्यांच्यात हसले. मग म्हणाले, "मला शुगर हाय, तुमाला म्हाईत हाय. लग्नात पंगतीला बसलो की वाढपी जिलबी घिऊन येतो. पयली खातो, दुसरी खातो. तिसरीला मी ताटावर हात आडवा धरतो. आता मला सांगा, नदीनं हात कुठून आनायचा?"

हसणं थोडं कमी झालं. पण कोणी हो म्हटलं नाही.

पहिलं हो आलं मथुराआक्काकडून, आणि ते भाषणामुळे आलं नाही. आक्का म्हणजे नदीकाठी जमीन असलेली, नवरा गेल्यावर शेत स्वतः बघणारी बाई. पन्नाशीची, आवाज असा की या काठावरून बोलली तर पलीकडच्या काठाला ऐकू जावं. एकदा तिची म्हैस पाण्यात उतरली आणि जलपर्णीच्या जाळ्यात अडकली. आक्का काठावर ओरडत होती, चार-पाच पुरुष उभे राहून सल्ले देत होते. त्या पाण्यात पाय घातला की खाज सुटते हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब तिकडून चालले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते सरळ आत शिरले, आणि दुमडण्याचा काही उपयोग झाला नाही, कारण पाणी छातीपर्यंत आलं. आक्काच्या विळ्याने ते जाळं कापत कापत त्यांनी म्हैस बाहेर काढली. नंतर कितीतरी दिवस ते माझ्यासमोर बसून पाय खाजवायचे आणि दर वेळी "माफ करा म्याडम" म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी आक्का ग्रामपंचायतीत आली. "माझ्या म्हशीपायी जो मानूस त्या घानीत उतरला, तो माझ्या वाईटाचं सांगनार न्हाई. लिवा माझं नाव." एवढंच बोलून ती गेली.

मग एकेक जण तयार होत गेला. शेवटी अडून राहिला तो गोरक्ष. त्याचं शेत बरोबर मध्ये, आणि तो कोणाचं ऐकणारा नाही. साहेब रोज सकाळी त्याच्या गोठ्यापाशी जाऊन बसू लागले. योजनेचं नाव काढायचे नाहीत. शेंगा फोडत बसायचे, त्याच्या गाईच्या पायाला काय झालंय ते बघायचे, बैलबाजाराच्या गप्पा मारायचे आणि उठून जायचे. गोरक्ष वाट बघायचा की आता बोलतील, मग बोलतील. शेवटी एके दिवशी तोच वैतागून म्हणाला, "साहेब, एकदाचं बोला की राव. मला झोप लागंना झाली."

साहेब म्हणाले, "मी काय बोलू? तुलाच सगळं म्हाईत हाय."

गोरक्षनेही सही केली. त्या दिवशी साहेब माझ्याकडे येऊन बसले आणि शेंगांनी पोट बिघडल्याची तक्रार करत राहिले. पण चेहरा पोराचं लग्न ठरल्यासारखा उजळला होता.

वाळ्याचं गवत लावलं, करंजाची रोपं लावली. पावसाळ्यात पट्ट्याने मूळ धरलं. गवत कमरेएवढं झालं. नदी निवळली असं मी म्हणणार नाही, नदी इतक्या लवकर निवळत नसते आणि आमच्या एका गावाने तर नाहीच. पण एका संध्याकाळी साहेब मला ओढतच आक्काच्या शेताखाली घेऊन गेले. वळणावर, जिथे पाणी जरा संथ होतं, तिथे काठालगत जलपर्णी मागे सरकली होती. साहेब उकिडवे बसले आणि मलाही बसायला लावलं. "बघा," म्हणाले. मला काही दिसेना. "म्याडम, गोटे दिसतेत." खरंच, तळाचे गोटे दिसत होते. ते तिथे बराच वेळ बसून होते. मी घाई केली तेव्हा म्हणाले, "माझी आई सांगायची, प्रवरंत पैसा पडला तर वरून दिसायचा. मला वाटायचं म्हातारी बंडल मारती." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तपासणी ठरली ती उन्हाळ्यात. आणि तपासणीच्या आधीच्या आठवड्यांत साहेबांच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, त्यांना नगरला दवाखान्यात ठेवलं. अनवाणी फिरण्याचं फळ, असं मी त्यांना भेटायला गेले तेव्हा चांगलं सुनावलं. ते म्हणाले, "पट्टा कसा हाय?" मी म्हणाले, चांगला आहे, उन्हाने पिवळा पडलाय एवढंच. ते म्हणाले, "पडू द्या. पिवळा म्हंजी मेला न्हाई. मुळ्या जित्या हायेत."

हे मला त्यांनी सांगितलं. आक्काला कोणी सांगितलं नाही.

आक्काला एवढंच दिसत होतं की मोठे साहेब लोक पुण्याहून येणार आहेत आणि आपल्या साहेबांचा पट्टा वाळून गेला आहे. घरी पाहुणे येणार असले की आपण काय करतो? सारवतो, झाडतो, दारात रांगोळी काढतो. तिने तेच केलं. काठावरच्या बायांना गोळा केलं आणि प्रत्येकीने आपापल्या घरातला युरिया आणून पट्ट्यात फोकला. वर पाणी सोडलं. गोरक्षने आपली मोटर त्यासाठी रोज चालू ठेवली. पिकाला द्यायचं खत, आपल्या खर्चाने, त्यांनी त्या गवताला घातलं. खत टाकायचं नाही ही अट त्यांनी ऐकली नव्हती असं नाही. पण ती अट त्यांना उपवासासारखी वाटली होती, पाळायची असते, पण पाहुणा आला की थोडंफार चालतं अशी.

तपासणीच्या सकाळी आक्का स्वतः मला सांगायला आली, पदराने घाम पुसत. "म्याडम, बगा तरी. साहेबाची मान खाली जाऊ दिली न्हाई आमी." मी बाहेर येऊन बघितलं. सगळा काठ काळाभोर हिरवा झाला होता. मी आक्काला काही बोलणार, तोवर गाड्या आल्या होत्या, आणि मागच्या गाडीतून, दवाखान्यातून सरळ आलेले, पायाला पट्टी बांधलेले इनामदार साहेब उतरत होते.

त्यांनी पट्टा बघितला आणि त्यांना कळलं. एका क्षणात कळलं. मी त्यांच्याकडेच बघत होते. आपल्या घरात भलतंच कोणी राहायला आलेलं दिसावं असं त्यांचं तोंड झालं.

आलेल्या अधिकाऱ्यांना आधी हिरवळ बघून आनंद झाला. फोटो निघाले. मग त्यांच्यातला एक शांत, चष्मेवाला माणूस खाली वाकला. गवताच्या बुंध्यापाशी पाणी पोहोचलं नव्हतं अशा जागी दोन-चार पांढरे दाणे तसेच पडून होते. त्याने ते तळहातावर घेतले आणि विचारलं, "हे कोणी टाकलं?"

आक्काने एक पाऊल पुढे टाकलं. ती भित्री बाई नव्हती, ती बोलणारच होती. तेवढ्यात साहेब म्हणाले, "मी टाकायला सांगितलं, सर."

"तुम्ही? तुम्हाला नियम माहीत नाही?"

"माहीत आहे सर. गवत वाळत होतं. माझ्या सांगण्यावरून टाकलं."

तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला. मला वाटतं त्याचाही विश्वास बसला नव्हता. पण त्याने जे ऐकलं ते लिहून घेतलं.

संध्याकाळी मी साहेबांना गाठलं. मी खूप बोलले. मी म्हणाले, इतकी वर्षं ज्या माणसाने दारोदार युरिया कमी करा म्हणून सांगितलं, त्याने स्वतःच्या नावावर युरिया लावून घ्यायचा? ते करंजाच्या कोवळ्या झाडापाशी पाय लांब करून बसले होते. म्हणाले, "शेतकऱ्यानं मुद्दाम खत टाकलं असं कागदावर लागलं, तर पयला हप्ता वसूल करतेत. परत कुठल्या योजनेत नाव घेत न्हाईत. मी सांगितलं असं लागलं तर माझ्यावर येतं. माझी नोकरी किती राहिली, म्याडम?"

"अहो, पण चूक त्यांची आहे."

"माझी मान खाली जाऊ नये म्हनून टाकला त्यांनी," ते म्हणाले. "माझ्यासाठी आजवर कोनी एवढं केलं न्हाई. त्याला मी चूक कसं म्हनू?"

मग पुढच्या दिवसांत त्यांनी एक काम केलं, जे आठवलं की मला आजही राग येतो आणि रडूही येतं. जसे ते पट्ट्यासाठी घरोघर फिरले होते तसेच पुन्हा फिरले. लंगडत. प्रत्येक घरात बसून त्यांनी एकच शिकवलं. चौकशीला कोणी आलं तर म्हणायचं, इनामदारनं सांगितलं म्हणून टाकलं. आक्का तयार होईना. रडली, भांडली, मी खोटं बोलणार नाही म्हणाली. तेव्हा त्यांनी तिला धाकटी बहीण म्हणून गळ घातली. चौकशीला माणसं आली तेव्हा आक्का ते वाक्य बोलली, खाली बघून. गोरक्षही बोलला. सगळे बोलले. आणि नंतर कोणी विचारलं की पुन्हा बोलले. पाहुण्यांना, शेजारच्या गावाला, बाजारात.

साहेबांची वेतनवाढ थांबली आणि बदली झाली पार जामखेडच्या टोकाला. पट्टा अपात्र ठरला. दुसरा हप्ता आला नाही आणि पुढचं सगळंच बंद झालं. पहिला नांगर घातला गोरक्षने. मध्येच तुटल्यावर बाकीच्यांना धरून ठेवण्यात अर्थ नव्हता. करंज तोडले, वाळा उपटला, ऊस पुन्हा पाण्याला टेकला. आक्काने सगळ्यांत शेवटी मोडला. मी तिला दोष देत नाही. जमीन तिची, पोट तिचं.

निवृत्तीनंतर साहेब एकदाच गावात आले. बेलापूरला भाच्याच्या घरी आले होते, तिथून एसटीने. मी त्यांना ओळखलं नाही, इतके ते वाळले होते. शर्ट खांद्यावरून खाली ओघळत होता. मूत्रपिंडं काम करत नाहीत, आठवड्यातून दोनदा नगरला जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं, असं त्यांनी दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाले, "आक्काकडं जाऊन येऊ. भेटायचं राहिलंय."

आक्काने त्यांना बघितलं आणि ती अक्षरशः धावत आली. खाट टाकली, उशी आणली, "काय हाल करून घेतले साहेब" म्हणत तिचे डोळे वाहायला लागले. हे नाटक नव्हतं. तिच्या सख्ख्या भावाला बघून ती यापेक्षा जास्त रडली नसती. नव्या सुनेला तिने हाक मारून पाया पडायला लावलं. "हे आपलं इनामदार साहेब. तुला सांगत असते ना मी? यांनी नदीला गवत लावलं हुतं. लई चांगला पट्टा हुता, लई लांबून लोक बगायला यायचे."

सून पाया पडली. साहेब तिला दुवा देत होते. आक्का डोळे पुसून त्यांच्याशेजारी खाली बसली आणि अगदी हलक्या आवाजात, कोणाला अपराधी वाटू नये अशा मायेने म्हणाली, "साहेब, तेवढं युरियाचं तुमी सांगायला नको हुतं. आज पट्टा असता."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काहीच लपवलेलं नव्हतं. ती खोटं बोलत नव्हती. इतक्या वेळा सांगून सांगून तिच्यासाठी ते तसंच घडलं होतं. माझ्या तोंडात शब्द आला होता. साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त खाटेच्या कडेवरचा हात किंचित उचलला, आणि मी गप्प बसले.

"व्हय आक्का," ते म्हणाले. "तिथं चुकलंच माझं."

"जाऊ द्या आता," आक्का म्हणाली. "मानसाकडून व्हतं. आमी कोनी मनात ठिवलं न्हाई."

त्यांनी तिचे आभार मानले. खरोखर मानले, दोन्ही हात छातीशी नेऊन.

परतताना मी रस्ताभर धुमसत होते. एसटी थांब्यापाशी मी म्हणालेच, साहेब, निदान तिला तरी सांगायचं. ते पुलाच्या कठड्याला टेकून धापा टाकत होते. म्हणाले, "तिनं मला माफ केलंय, म्याडम. आता तिला कसं सांगू, माफी कोनाची हुती ते? तिच्या जिवाला लागंल." थोड्या वेळाने म्हणाले, "तुमी बी सांगू नका."

एसटी आली. पायरी उंच होती, त्यांना चढवेना. मी आणि कंडक्टरने मिळून त्यांना वर घेतलं. नदीकडच्या बाजूला खिडकीची जागा मोकळी होती, पण ते दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. गाडी पुलावर गेली तेव्हा मला मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. पूल ओलांडेपर्यंत ते एकदाही नदीकडे वळलं नाही.